कातर, कायर आणि रतनपूरचा राजा

रायपूर-बिलासपूरकडे बदली होऊन आलेल्या मराठी माणसास येथील बोलण्यातले जे शब्द प्रारंभी चकवितात, त्यांत 'कायर' हा एक होय. तो परका वाटतो, परंतु वस्तुतः आपल्याच घरचा आहे. संस्कृतातील 'कातर' या विशेषणातला मधला तकार प्राकृतात गळला, त्याच्या जागी यकार आला, आणि कायर हे रूप सिद्ध झाले. संस्कृतात कातर म्हणजे भ्यालेला, धीर सुटलेला. हिंदीने हा अर्थ जतन केला, एवढेच नव्हे तर त्यास अधिक धार लाविली. आज येथे एखाद्यास कायर म्हणणे म्हणजे भांडणास आमंत्रण देणे आहे. मराठीने रूप संस्कृतातले जसेच्या तसे ठेविले, अर्थ मात्र मऊ केला. आपल्याकडे स्वर कातर होतो, डोळे कातर होतात, दिवस मावळताना मन हुरहुरते त्या वेळेस आपण कातरवेळ म्हणतो. एकाच शब्दाचे दोन वंशज. एकास बाजारात मार खावा लागतो, दुसऱ्यास कवितेत मान मिळतो.

हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ज्या प्रदेशात आपण नोकरीच्या निमित्ताने राहतो, त्या प्रदेशाच्या इतिहासात एका राजाच्या वाट्यास यांतला कोणता शब्द यावा, हा प्रश्न आहे. आणि त्याच्या दारावर तोफा लावणारे आपलेच पूर्वज होते.

छत्तीसगडवर हैहयवंशी कलचुरींचे राज्य अकराव्या शतकापासून होते. रतनपूर ही त्यांची मुख्य गादी; कालांतराने रायपूरची शाखा निराळी झाली. शिवनाथ नदीच्या उत्तरेस अठरा गड रतनपूरकडे आणि दक्षिणेस अठरा गड रायपूरकडे, अशी वाटणी परंपरेने सांगितली जाते. या छत्तीस गडांवरूनच प्रांताचे नाव पडले, असे सामान्यतः मानतात. १७३२ साली रतनपूरचा राजा सरदारसिंह निपुत्रिक वारला व त्याचा भाऊ रघुनाथसिंह गादीवर आला. त्या वेळी त्याने साठी ओलांडली होती. पुढे त्याचा एकुलता एक मुलगा मरण पावला. त्या दुःखाने राजाने कारभारातून मन काढून घेतले. अशा वेळी १७४१ च्या सुमारास नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, ज्यांस इकडे भास्करपंत म्हणतात, ते बंगाल-ओरिसाच्या रोखाने फौज घेऊन निघाले असता रतनपूरवर आले.

पुढील हकीकत थोडकी आहे. वाटेत प्रतिकार झाला नाही. राजधानीवर तोफांचा मारा सुरू झाला, राजवाड्याचा काही भाग ढासळला, तेव्हा राण्यांपैकी एकीने तटावर तहाचे निशाण चढविले. दरवाजे उघडले. नगरावर एक लाख रुपयांचा दंड बसला आणि खजिन्यात होते तेही गेले. सात शतकांचे राज्य इतक्या अल्प अवकाशात आटोपले. रघुनाथसिंहास भोसल्यांच्या नावाने कारभार पाहण्याची मुभा मिळाली.

आता या प्रसंगाचे वर्णन करणारे कोण, ते पाहावे. १८६८ साली बिलासपूर जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिणारे चिझम आणि १८७० साली मध्यप्रांताचे गॅझेटियर संपादणारे चार्ल्स ग्रँट, हे दोघे इंग्रज अधिकारी. घटनेस तेव्हा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्यांची सामग्री स्थानिक परंपरेची होती. रतनपुरातच बाबू रेवाराम यांच्यासारख्या विद्वानाने हैहयवंशाची हकीकत लिहून ठेविली होती. परंतु तिच्यावर निवाडा दिला तो इंग्रज लेखणीने, आणि तो असा की, हा राजा मुळातच दुर्बळ होता, शोकाने अधिकच निकामी झाला आणि राज्याचा शेवट मानहानीने झाला. ज्या सरकारने १८५४ साली तोच मुलूख एका गोळीवाचून आपल्या नकाशात घातला, त्याच्या अधिकाऱ्यांस हा निवाडा लिहिताना काही अडखळल्यासारखे वाटले की नाही, न कळे. मराठीत या स्वारीची हकीकत येते ती बहुधा बंगालच्या मोहिमेची प्रस्तावना म्हणून, दोन-चार वाक्यांत; तेथे रघुनाथसिंह हा माणूस म्हणून दिसतच नाही.

तेव्हा त्यास काय म्हणावे? आपली भाषा या बाबतीत दरिद्री नाही. भित्रा, भ्याड, भेकड, घाबरट, बुजरा, शेळपट, नेभळट, कचखाऊ, भिडस्त, भीरू, कातर, खचलेला, हबकलेला. ही यादी कोणीही वाचक वाढवू शकेल. पण या शब्दांचा अर्थ एक नव्हे. भित्रा हा स्वभाव आहे. लहान मूल भित्रे असते आणि त्याचा राग कोणास येत नाही. भ्याड आणि भेकड हे निवाडे आहेत. ज्याने उभे राहणे प्राप्त होते तो उभा राहिला नाही, असा आरोप त्यांत आहे. बुजणे हे मुळात बैलाघोड्यांकडचे क्रियापद. नवे, अनोळखी काही समोर आले की जनावर बुजते, तसा माणूस बुजला की तो बुजरा. कच खाणारा मनुष्य प्रारंभी भीत नाही, ऐन वेळी मागे घेतो. नेभळटास भीती वाटते की नाही हेही निश्चित सांगता येत नाही. त्याच्यात जोरच नसतो. खचलेला तर या सर्वांहून निराळा. त्यास भय उरलेलेच नसते, कारण ज्याच्यासाठी भ्यावे ते गेलेले असते.

प्राण्यांची गोष्ट निघालीच आहे तर एक गमतीचा भाग सांगितल्यावाचून राहवत नाही. शेळपट म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर शेळी येते. फारसीतून हिंदी-उर्दूत आलेला 'बुजदिल' पाहावा. बुज म्हणजे बकरी, दिल म्हणजे हृदय. कारंजा-यवतमाळच्या आणि इराणच्या मेंढपाळांनी एकमेकांस न विचारता एकाच प्राण्याकडे बोट दाखविले. इंग्रजी 'कॉवर्ड' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून लॅटिनमधल्या शेपटीच्या शब्दापर्यंत, 'कौदा'पर्यंत, पोचतो. शेपूट घालणे हा वाक्प्रचार आपणांस त्यासाठी लॅटिनकडून उसना घ्यावा लागला नाही. रस्त्यावरची कुत्री सर्व देशांत सारखीच. गर्भगळीत हा शब्द मात्र आपला, आणि तो उच्चारताना त्यातील मूळ भयंकर चित्र आपल्या मनात येत नाही, हे बरेच म्हणावयाचे.

संस्कृतातील 'भी' हा धातू तर याहून विचार करावयास लावणारा आहे. त्यापासून भय व भीती निघाली, तसाच भीरू निघाला. परंतु भीम, भीष्म आणि भीषण हेही त्याच धातूचे. भीम म्हणजे ज्याच्यापासून इतर भितात तो, असे वैयाकरण सांगतात. म्हणजे भीरू आणि भीम यांच्यात धातूचा भेद नाही. भीती कोणाच्या मनात आहे व ती कोणामुळे आहे, एवढाच भेद. भीरू हा शब्दही सर्वत्र निंदेचा नव्हता. संस्कृत काव्यांत प्रियेला भीरू म्हणून लाडाने हाक मारलेली आढळते, आणि मराठीत पापभीरू म्हणजे तर सज्जन. आपल्या पेशातील पुष्कळांची कीर्ती या एका विशेषणावर उभी आहे. सेवापुस्तकातून निवृत्तीचा दिवस निष्कलंक गाठणारा मनुष्य पापास भितो, लेखापरीक्षकास भितो, की दोघांस, याची चौकशी निरोपसमारंभाचे वक्ते करीत नाहीत. आणि भीड? ती तर आपल्या घरातली. ती भिकेची बहीण म्हणून बदनाम असली तरी भिडस्त माणसास कोणी भ्याड म्हणत नाही. येथील बाजारात नव्या मराठी कुटुंबाची फजिती होते ती निराळीच. हिंदीत भीड म्हणजे गर्दी.

रघुनाथसिंहाकडे परत येऊ. त्याच्या विरुद्ध जे म्हणता येईल ते आधी म्हणून टाकावे. राजाच्या शोकास मर्यादा असते. मुलगा गेला म्हणून छत्तीसपैकी अठरा गडांचे रक्षण सोडून बसण्याचा अधिकार त्यास नव्हता. दंडाचा लाख रुपया नगरातून उभा राहिला. तो ज्यांच्या घरांतून गेला त्यांचा मुलगा मेलेला नव्हता, त्यांनी राज्य सोडलेले नव्हते. राजा म्हणून तो उणा पडला, हे मान्य केलेच पाहिजे.

पण उणा पडणे निराळे आणि भ्याड ठरणे निराळे. हैहयांच्या राज्याची घडण पाहिली म्हणजे हे ध्यानात येईल. मुलूख गडागडांत वाटलेला, जंगलातले जमीनदार जवळजवळ स्वतंत्र, रायपूरची शाखा वेगळी. राजाजवळ मोठी खडी फौज अशी नव्हती. प्रसंग पडला म्हणजे जमीनदारांनी माणसे घेऊन यावयाची. अशी व्यवस्था शेजाऱ्याशी चकमक करण्यास पुरते. दौडत येणारे घोडदळ आणि त्याच्याबरोबर तोफखाना, यांस ती पुरत नाही. जमीनदार गोळा होण्यापूर्वी शत्रू तटाखाली येतो. तरुण आणि शूर राजा असता तर लढाई झाली असती, हे खरे. निकाल निराळा झाला असता, असे समजण्यास मात्र आधार दिसत नाही. तटावर निशाण चढविणाऱ्या त्या राणीचे नाव या हकीकतींत मिळत नाही. ढासळत्या वाड्यात, खचलेल्या नवऱ्याच्या वा दिराच्या देखत, तिने जो निर्णय घेतला त्यामुळे रतनपुरात कत्तल टळली. तिला भित्री म्हणावयास निदान प्रस्तुत लेखकाची जीभ रेटत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी या राजास दुर्बळ ठरविणारे ओझरती सांगून पुढे जातात. भास्करपंतांनी रतनपुरात कल्याणगिरी गोसावी यास आपला प्रतिनिधी म्हणून ठेविले होते. मराठी फौज पूर्वेकडे गेल्यावर याच म्हाताऱ्या, शोकग्रस्त राजाने त्या गोसाव्यास बाजूस सारले व पुन्हा आपला अंमल पुकारला, असे स्थानिक इतिहासग्रंथ सांगतात. १७४५ साली खुद्द रघूजी भोसल्यांस या बाजूस लक्ष घालावे लागले. रघुनाथसिंहास काढून त्यांनी त्याच वंशातील मोहनसिंहास गादीवर बसविले. जन्मजात भेकड मनुष्य अशी उठाठेव करीत नाही. गेलेले मिळविण्याची त्यास एक संधी दिसली आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने ती घेतली. फसली, ही गोष्ट वेगळी.

इकडे भास्करपंतांचे काय झाले? १७४२ पासून बंगालच्या मोहिमांत त्यांच्या स्वारांनी जो दरारा बसविला तो अजून त्या भाषेत राहिला आहे. बारगीर या शब्दाचे 'बर्गी' झाले, आणि बंगाली आया मुलांस निजविताना बर्गीचे नाव घेऊ लागल्या. त्या अंगाईची ओळख नसलेला बंगाली मनुष्य विरळा. कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला, त्यास मराठा खंदक म्हणत. गंगाराम नावाच्या कवीने १७५१ मध्ये 'महाराष्ट्र पुराण' या नावाचे काव्य रचून गावे ओस कशी पडली ते सांगितले. आपण ज्यास दरारा म्हणतो, त्याच वस्तूस दुसऱ्या टोकाकडून पाहिले म्हणजे ती लहान मुलाच्या झोपेतली भीती असते. कलकत्ता-कटकास नोकरी केलेल्या वाचकांपैकी काहींना याचा अनुभव आला असेल. आपण अभिमानाने सांगू लागतो आणि समोरचा गृहस्थ सभ्यपणे विषय बदलतो.

३१ मार्च १७४४ रोजी अलीवर्दीखानाने मनकऱ्यास बोलणी करण्याच्या मिषाने तंबूत बोलावून भास्करपंतांस व त्यांच्याबरोबरच्या सरदारांस मारिले. रघूजी गायकवाड हा सरदार त्या दिवशी छावणीतच राहिला. त्याला संशय आला होता. तंबूत गेलेले सारे शूर होते, यात वाद नाही. मागे राहिलेल्या या शंकेखोराने उरलेले सैन्य सुखरूप परत आणिले. त्या सकाळी छावणीतून निघताना कोणी त्यास भित्रा म्हटले असेल काय? म्हटले असल्यास तो शब्द सायंकाळपर्यंत टिकला नाही.

नागपूरकरांच्या स्वतःच्या घराण्यावरही पुढे हीच पाळी आली. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि डिसेंबरात आप्पासाहेब भोसले स्वतः इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सच्या स्वाधीन झाले. त्यांचे अरब शिपाई मात्र शहरात आणखी काही दिवस लढत राहिले. इंग्रजांनी आप्पासाहेबांस चंचल व कच्च्या दिलाचा ठरविले. परंतु १८१८ च्या मे महिन्यात अलाहाबादेकडे नेत असताना हाच कच्च्या दिलाचा पुरुष पहाऱ्यातून वेष पालटून निसटला, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाने राहिला, तेथून अशीरगड, पंजाब असे करीत अखेर जोधपुरास गेला आणि १८४० साली तेथे वारला. पुढे १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले व पुढल्या वर्षी राज्य खालसा झाले. रतनपूरच्या वाड्यावर एक लाखाचा दंड बसविणाऱ्यांच्या घरचे जडजवाहीर १८५५ साली कलकत्त्यास लिलावात विकले गेले. त्या प्रसंगी म्हाताऱ्या बांकाबाई पत्रे व अर्ज लिहीत राहिल्या. १८५७ साली नागपूर शांत राहिले ते मुख्यतः त्यांच्या शब्दामुळे. यास कोणी शहाणपण म्हणतात, कोणी कच खाणे. आम्हांस दोन्हींचा निर्णय करवत नाही, पण रघुनाथसिंहास एक माप लावावयाचे आणि बांकाबाईस दुसरे, हे मात्र चालणार नाही.

छत्तीसगडी बोलीत 'सिधवा' असा एक शब्द आहे. सिधवा मनखे म्हणजे सरळ, निरुपद्रवी, वाकड्यात न शिरणारा मनुष्य. येथले लोक तो शब्द स्वतःविषयी काहीशा कौतुकाने वापरतात; बाहेरून आलेल्यांस, त्यांत सुभे-कमाविसदारांपासून आजच्या बदलीवर आलेल्यांपर्यंत सारे आले, तो ऐकू येतो भित्रा या अर्थाने. इंग्रजांच्या अहवालांत रानातल्या लोकांविषयी 'टिमिड' हे विशेषण जे वारंवार पडते, तेही याच कानाने ऐकलेले. साहेबाचा घोडा पाहून गाव रानात पळे, कारण घोड्यामागून बिगार येत असे. यात बुजरेपणा किती आणि हिशेब किती, ते घोड्यावरून दिसणे कठीण होते.

१८५६ साली या भागात दुष्काळ पडला. पाचावर धारण बसणे हा आपला वाक्प्रचार अशाच दिवसांचा म्हणतात. धारण म्हणजे धान्याचा दर, आणि रुपयास अमुक शेरांवर तो येऊन ठेपला की लोकांची गाळण उडे. सोनाखानचे बिंझवार जमीनदार नारायणसिंह यांनी कसडोलच्या एका व्यापाऱ्याचे कोठार फोडून धान्य उपाशी लोकांत वाटले, आणि आपण असे केले आहे, हे रायपूरचे डेप्युटी कमिशनर इलियट यांस स्वतःच कळविले. त्यांस अटक झाली. ऑगस्ट १८५७ मध्ये ते रायपूरच्या तुरुंगातून निसटले व सोनाखानला जाऊन त्यांनी माणसे जमविली. डिसेंबरच्या प्रारंभी स्मिथच्या फौजेने सोनाखानला आग लाविली, तेव्हा नारायणसिंह स्वाधीन झाले. १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांस रायपुरात फाशी देण्यात आले. जयस्तंभ चौक ही ती जागा, असे येथे मानतात.

तेव्हा रतनपूरच्या राजवाड्यातील निशाण आणि सोनाखानची शरणागती, दोन्ही बाहेरून पाहता एकच कृती. गाव जळत असता हत्यार खाली ठेवणे. एकीस मानहानी म्हटले गेले, दुसरीस बलिदान. नारायणसिंह आधी लढले होते, तुरुंग फोडून आले होते, म्हणून त्यांच्या शरणागतीचा अर्थ बदलतो, हे योग्यच आहे. रघुनाथसिंहाच्या पाठीशी असे काही नव्हते. जे होते, म्हणजे गोसाव्याला हटविणे, ते नंतर घडले, आणि इतिहास पुष्कळदा पहिल्या पानावर शब्द ठरवून पुस्तक मिटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या राजास कायर म्हणणे अन्यायाचे आहे, शूर म्हणणे खोटेपणाचे. मराठी अर्थाने तो कातर होता, इतके म्हणता येईल.

नारायणसिंहांस फाशी झाले तेव्हा रायपुरात तिसरी देशी पायदळ पलटण होती. त्या दिवशी तिच्यातले कोणी हलले नाही. साहेबांनी त्यावरून काय अनुमान काढले असेल, ते सांगावयास नको. एकोणचाळीस दिवस असे गेले. १८ जानेवारी १८५८ च्या रात्री त्याच पलटणीतील मॅगझीन लष्कर हनुमानसिंह याने सार्जंट मेजर सिडवेल यास त्याच्या घरात शिरून ठार केले आणि छावणीत उठाव केला. उठाव काही तासांत मोडला. सतरा जण पकडले गेले व २२ जानेवारीस त्यांस रायपुरात उघड्यावर फाशी देण्यात आले. हनुमानसिंह मात्र पुढे कधीही इंग्रजांच्या हाती लागला नाही.